पाहुण्यांच्या जबड्याशी सापडलेला केस

६ नोव्हेंबर

आज एकदाची फरशी उचलली. कितीतरी दिवस परवानग्यांचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. शेवटी संग्रहालयाच्या संचालकांनी कुठेतरी फोन फिरवला आणि सकाळी जुन्या शाळेच्या सभागृहातल्या लाद्या बाजूला झाल्या. खाली ओली माती आणि तिचा तो थंड वास. मला हा वास आवडतो, पण हे कुणाला सांगायची सोय नाही.

शोध कुणाचा चाललाय हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्याचा चेहरा टपाल तिकिटावर आहे, ज्याच्या नावाचा रस्ता आमच्या घरावरून जातो, ज्याने काढलेल्या ताऱ्यांच्या नकाशावर पुढे दोन पिढ्या जहाजं चालली, तो खगोलशास्त्रज्ञ. रोगाच्या साथीत गेला. घाईघाईत इथे आणखी काही जणांबरोबर पुरला आणि वर लाद्या बसवल्या. खूण कुणी ठेवली नाही. तीनशे वर्षं मुलं त्याच्या डोक्यावर बसून पाढे म्हणत होती.

खड्ड्यात उतरण्याआधी सगळ्यांच्या गालातून कापूस फिरवून नमुने घेतले. हाडांवर आपलं काही सांडलं तर नंतर ओळखता यावं म्हणून. छायाचित्रकार म्हणाला, "मॅडम, माझ्या डोक्यावर आधीच सगळा उजेड. माझ्याकडून काय सांडणार?" त्याचाही घेतला. संचालकांनी जरा तोंड वाकडं केलं, त्यांचाही घेतला. या बाबतीत मी नाकावर माशी बसू देत नाही.

दुसरा नियम नावाचा. हाड दिसलं की लोक पहिल्या दिवसापासून नाव घ्यायला लागतात आणि मग डोळ्यांना तेवढंच दिसतं. माझ्या खड्ड्यात तपासल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. तोवर जो निघेल तो "पाहुणा".

सभागृहात थंडी अशी की दात वाजतात. वरचा पांढरा डगला कागदासारखा पातळ, म्हणून आत नवऱ्याचा स्वेटर घातला. निघताना त्याच्या आई म्हणाल्या, "तो एकदा धुवायला टाक गं. आता आपल्या पायांवर उभा राहील." मी म्हटलं, लोकर आटते.

११ नोव्हेंबर

भिंतीकडून तिसरे पाहुणे. उंच, साठीच्या आसपासचे पुरुष. डाव्या मनगटाचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं. दुर्बिणीच्या शिडीवरून पडून ज्याचा डावा हात कायमचा वाकडा झाला, त्याची गोष्ट शाळेच्या पुस्तकात आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. संचालक तर लाद्यांच्या कडेवर नाचायचेच बाकी होते.

"बोला ना मॅडम! तोच ना?"

"हात मोडलेला एक माणूस आहे," मी म्हटलं. "हात काय एकाच माणसाचा मोडतो?"

"तुम्ही म्हणजे अगदी..." म्हणाले आणि फोन करायला बाहेर गेले. त्यांना मी मनातल्या मनात घाईसाहेब म्हणते.

खोदकामावरच्या दोघांना आज फैलावर घेतलं. एकाने हातमोजा काढून नाक पुसलं, दुसऱ्याची टोपी कपाळावर सरकलेली. म्हटलं, डगला घातलाय तो शोभेला का? माझं मलाच नंतर वाईट वाटलं, पण शिस्त ती शिस्त. माझ्या डगल्याची झिप गळ्याशी टोचते, ती मी अर्धी उघडी ठेवते, पण मी जपून वाकते.

१२ नोव्हेंबर

पाहुण्यांच्या जबड्याची माती ब्रशने काढत होते. खालच्या दातांजवळ, मातीच्या ओलीला चिकटून, एक केस. बोटभर लांब, तांबूस, टोकाशी वळलेला. चिमट्याने उचलला. मुळासकट होता.

कागदाच्या पुडीत घालून वर तारीख टाकली.

घाईसाहेबांना कुणीतरी कळवलंच. शास्त्रज्ञाच्या तसबिरीत केस तांबूस, कुरळे आहेत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हे मी पाहिलं, म्हणून ओरडले नाही. केस आणि एक दाढ, दोन्ही प्रयोगशाळेत पाठवली.

१३ नोव्हेंबर

पेपरात पहिल्या पानावर: "महान शास्त्रज्ञाचा केस सापडला!" मी कपाळाला हात लावला.

१५ नोव्हेंबर

आज कब्रस्तानात. केस आणि दाढ नुसती तपासून उपयोग नाही, ती ताडून बघायला कुणीतरी ओळखीचं हवं. शास्त्रज्ञाला मूलबाळ नव्हतं. पण बहीण होती. रात्ररात्र तो दुर्बिणीला डोळा लावून आकडे सांगायचा आणि ही दिव्याशी बसून लिहायची. तिची जागा मात्र पक्की ठाऊक आहे, नावासकट.

तिचा दगड मी लहानपणापासून पाहत आले, पण नीट आज पाहिला. रुंद आहे, दोघांपुरता. उजव्या बाजूला तिचं नाव. डावी बाजू गुळगुळीत, कोरी. साथीच्या वेळी ती दुसऱ्या गावी अडकली होती. परत आली तेव्हा भाऊ गेलेला आणि कुठे ठेवला हे सांगायला एकही जण उरलेला नव्हता. तरी तिने जिवंतपणी दगड घडवून घेतला तो दोघांचा. त्यानंतर वीस वर्षं जगली.

संध्याकाळी आईंना हे सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या, हात थांबले.

"म्हणजे तिला कळलंच नाही?"

"नाही."

"आणि आता तुम्ही तिच्याकडून काय घेणार?"

"एक दात. आईकडून एक अंश सगळ्या मुलांकडे येतो, मुलगा असो की मुलगी. तसाच्या तसा. भाऊ-बहीण एका आईचे असले तर दोघांच्या दातांत तो सारखाच सापडेल."

"आईकडून," त्या म्हणाल्या. मग भाजी निवडायला लागल्या. चष्मा लावूनही त्यांना हल्ली नीट दिसत नाही, अर्ध्या देठांसकट पानं भांड्यात जात होती. मी नंतर निवडून घेतली.

१६ नोव्हेंबर

रविवार. काही नाही. आज त्याची फार आठवण आली. एवढंच लिहिते.

२१ नोव्हेंबर

आई रोज मी दारात पाऊल टाकलं की विचारतात, "सापडला का गं तिचा भाऊ?" आधी चहा विचारायच्या.

आज त्या बेवारस अवशेषांच्या कार्यालयातून पुन्हा फोन. दरवर्षी येतो. किनाऱ्यावर सापडलेले, ज्यांची ओळख पटली नाही असे, त्यांची नोंद तिथे असते. "आईंचा नमुना मिळाला असता तर आम्हाला ताडून बघता आलं असतं." फार सभ्य माणूस आहे. मी नेहमीसारखं सांगितलं, सध्या कामाची धावपळ आहे.

मी हे काम दुसऱ्यांसाठी आयुष्यभर केलं. दारात उभ्या असलेल्या माणसाला सांगितलंय, हो, तुमचाच. काहींनी माझे हात धरले, एकीने थोबाडीत मारली. त्यानंतर त्यांच्या घरात काय होतं तेही मला माहीत आहे. चपला उचलल्या जातात. आमच्या घरात त्याच्या चपला अजून दाराशी आहेत आणि वरची कडी आम्ही दोघीही लावत नाही, कारण त्याच्याकडची किल्ली फक्त खालच्या कुलपाची आहे. बंदराबाहेर समुद्राची खोली मोजायला गेला, लाँच उलटली, दोघे मिळाले, तो मिळाला नाही. या पावसाळ्यात नऊ वर्षं झाली. मिळाला नाही म्हणजे मिळाला नाही. तपासल्याशिवाय मी नाव घेत नाही.

२८ नोव्हेंबर

प्रयोगशाळेतल्या मुलीचा फोन. मुलगी म्हणजे चाळिशीची आहे, पण मला ताई म्हणते म्हणून मुलगी.

"ताई, एक चांगली बातमी आणि एक भानगड. आधी कुठली?"

"भानगड."

"दाढ जुनी आहे. डीएनए सगळा तुकड्या-तुकड्यांत, तीनशे वर्षांत होतो तसा. पण तुमचा तो प्रसिद्ध केस धडधाकट आहे. फार तर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा. पुरुषाचा. आणि तुमच्या टीमपैकी कुणाचाच नाही."

माझा संताप संताप झाला. माझ्या खड्ड्यात कोण परका पुरुष शिरला? पहारेकऱ्याला विचारलं, तो शपथा घ्यायला लागला. घाईसाहेबांना विचारलं, कुणा बड्या पाहुण्याला गुपचूप खाली नेलं होतंत का? ते दुखावले. पेपरवाल्याला? नाही. "मॅडम, माझी लाज जातेय, मी कशाला लपवू?" हेही खरंच.

चांगली बातमी विचारायचीच राहिली. नंतर तिनेच कळवलं: दाढ आणि बहिणीचा दात यांचं ताडणं सुरू आहे, लक्षणं चांगली आहेत. पण केस कुणाचा हे कळल्याशिवाय ती अहवालावर सही करणार नाही. एक अनोळखी माणूस हाडांवर फिरून गेला असेल तर दाढेवर तरी विश्वास कसा ठेवायचा? तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

घरी आल्यावर आईंना म्हटलं, कोण मेला शिरला होता कळत नाही. स्वेटर काढून खुंटीला लावला. आईंनी पांढरं डोकं कॉलरीशी झुकवून तो नेहमीसारखा हाताने सारखा केला.

१ डिसेंबर

घाईसाहेब म्हणतात, केसाचा विषय सोडून द्या, हवेतून आला म्हणा. मी म्हटलं, पहिल्या पानावर छापून आलेला केस हवेत कसा जाईल? या गोंधळात ते बिचारे पाहुणे पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून आहेत आणि तिकडे अर्धा दगड कोरा.

३ डिसेंबर

आज छायाचित्रकाराकडे बसून केस सापडेपर्यंतचे सगळे फोटो पाहिले. चोर पकडायला. प्रत्येक फोटोत मागे कोण आहे, दारातून कोण डोकावतंय, कुणाचा डगला नीट नाही, असं बारकाईने. टोपी सरकलेला सापडला, त्याचा नमुना होताच.

मग एक फोटो आला. जबड्यावर वाकलेली मी. झिप अर्धी उघडी. डगल्यातून स्वेटरची कॉलर बाहेर लोंबलेली, पाहुण्यांच्या तोंडापासून चार बोटांवर.

छायाचित्रकार म्हणाला, "हा फार छान आलाय. मोठा करून देऊ?"

मी म्हटलं, दे.

तो फोटो समोर ठेवूनच हे लिहितेय. मरून रंगाचा स्वेटर. लाँच उलटली त्या सकाळी उकडतंय म्हणून तो खुंटीवर टाकून गेला. नऊ वर्षं मी तो धुतला नाही. जगात त्याचं जेवढं म्हणून उरलं होतं ते त्या कॉलरीत होतं, त्यातला एक केस मी माझ्या हाताने चिमट्यात धरला आणि ओळखला नाही. मी! हाडाच्या चुऱ्यावरून वय सांगणारी.

मला तो हवाय. दुसरं काही नको, तो हवाय.

४ डिसेंबर

प्रयोगशाळेत फोन केला. स्वेटरचं सांगितलं. ती हसली, मोकळी झाल्यासारखी. "हात्तिच्या! कुणाचा स्वेटर ताई?"

"नवऱ्याचा."

"मग प्रश्नच मिटला. त्यांना पाठवा ना माझ्याकडे, गालातून कापूस फिरवायचा, पाच मिनिटांचं काम. कधी येतील?"

तिला माहीत नाही. नवीन आहे ती इथे.

मी म्हटलं, "तो बाहेर असतो."

"बरं, मग त्यांच्या आई किंवा सख्खी भावंडं? आईकडचा अंश जुळला तरी मला चालेल."

मी म्हटलं, बघते. फोन ठेवला. बाहेर असतो. खोटं नाही बोलले मी.

अहवाल अडलाय तो आईंच्या या एका नमुन्यावर. आणि नमुना दिला की त्याची एक प्रत त्या सभ्य माणसाच्या कार्यालयात न पाठवायला माझ्याकडे सबब उरणार नाही. मग एक दिवस फोन येईल. मी तो फोन शंभर घरांत केलाय.

६ डिसेंबर

दोन दिवस घरात तोंड शिवल्यासारखी वावरले. आज जेवताना आईंनी विचारलं, "सापडला का तिचा भाऊ?"

"अडलंय."

"कशावरून?"

सांगितलं. केस, कॉलर, फोटो, सगळं. आई ऐकत होत्या, घास हातात तसाच.

"त्याचा केस आहे तुमच्याकडे?" एवढंच म्हणाल्या.

"असावा. तपासल्याशिवाय..."

"बेसिनमध्ये सगळीकडे त्याचे केस असायचे. तू किती करवादायचीस."

"हो."

मग त्या उठल्या, हात धुतले, चूळ भरली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "त्या कार्यालयातला माणूस मलाही फोन करतो. तू नसताना. मी सांगते, सून बिझी आहे." माझं ताट त्यांनी बाजूला सरकवलं. "तू भितेस म्हणून मी गप्प. मी भिते असं तुला वाटतं म्हणून तू गप्प. असं किती वर्षं चालायचं?"

"आई, एकदा दिलं की मग..."

"कळतंय मला. ती बिचारी बहीण, तिला मरून तीनशे वर्षं झाली, तरी भावासाठी दात काढून दिलान तिने. मी अजून जिवंत आहे. आण तुझा कापूस."

त्यांनी तोंड उघडलं. आईंचा गाल आतून किती मऊ आहे. दोन काड्या भरल्या. एक प्रयोगशाळेसाठी आणि एक त्या कार्यालयासाठी.

१५ डिसेंबर

दोन्ही जुळलं.

बहिणीच्या दाताशी पाहुण्यांची दाढ. आईंच्या नमुन्याशी केस. मुलीने आधी दुसरं सांगितलं, आणि मग म्हणाली, "ताई, मला कुणीतरी आत्ता सांगितलं. मला खरंच माहीत नव्हतं हो." रडत होती. मीच तिची समजूत काढली.

अहवालात ओळ अशी: "केस: बाह्य, पुरुषाचा, स्रोत ज्ञात, वगळला." बरोबर आहे. मीही असंच लिहिलं असतं. उरलेला केस तिने कागदाच्या पुडीत परत पाठवलाय, तो आईंच्या उशाशी आहे.

दुपारी सभागृहात खोक्यापाशी गेले आणि पहिल्यांदा पाहुण्यांना त्यांच्या नावाने हाक मारली. घाईसाहेब पाठीमागे उभे होते. त्यांनी खिशातला फोन बंद केला. पहिल्यांदाच.

९ जानेवारी

आज त्याला बहिणीशेजारी ठेवलं. भाषणं झाली, ती व्हायचीच. कोऱ्या बाजूवर नाव कोरलंय. दगड नवीन कापला की आतून पांढरा निघतो, त्यामुळे तिचं नाव काळवंडलेलं आणि त्याचं अगदी ताजं दिसतं. आईंना घेऊन गेले होते. गर्दी पांगल्यावर त्या पुढे झाल्या आणि त्या बहिणीच्या बाजूवर हात ठेवून म्हणाल्या, "आला हो."

मग माझ्याकडे वळून, "चल, गार लागतंय."

२३ जानेवारी

कार्यालयातल्या सभ्य माणसाचा फोन आला. पडद्यावर नंबर बघितला आणि हातातलं काम टाकून फोन उचलला. आई स्वयंपाकघरातून दारात येऊन उभ्या.

म्हणाला, त्यांच्याकडे असलेल्या कुणाशीही जुळत नाही. नोंद ठेवलीय. पुढे कधी काही सापडलं तर कळवतील. मी आभार मानले.

"नाही ना त्यांच्यात?" आईंनी विचारलं.

"नाही."

"बरं," म्हणाल्या आणि खाली बसल्या. मीही शेजारी बसले. सुटल्यासारखंही वाटलं आणि हरल्यासारखंही. काय हवं होतं आम्हाला, तेच समजेना. पूर्वी दाराकडे कान असायचे, आता फोनकडेही राहतील.

थोड्या वेळाने आई म्हणाल्या, "आता तरी तो स्वेटर धू. आला तर असला मळका देणार आहेस का त्याला?"

बादलीत कोमट पाणी काढलं. स्वेटर बुडवणार एवढ्यात म्हणाल्या, "थांब. आधी बघू दे." स्वेटर मांडीवर घेतला आणि कॉलरीवरून बोटं फिरवत राहिल्या, टाक्याटाक्याने, चष्मा कपाळावर ढकलून. बऱ्याच वेळाने काहीतरी चिमटीत धरलं आणि माझ्यासमोर उजेडात आणलं.

"हा बघ. आणखी एक. त्याचाच ना?"

केस वीतभर लांब होता, सरळ आणि पांढरा शुभ्र.

"हो," मी म्हटलं. "त्याचाच."